मामाजी, पट्ट्या सहाच निघाल्या

मामाजी, सहाच निघाल्या! पाच नाही, आठ नाही, सहा. नखानं काठीची एकेक कड चाचपून मोजल्या, मग उलट्या बाजूनं मोजल्या, मग दुकानवाल्या करीमभाईंना मोजायला लावल्या. त्यांचंही उत्तर तेच. तुम्ही जिंकलात आणि मी हरलो, आणि दुकानात मी इतक्या मोठ्यानं "अरे बाप रे!" म्हणालो की समोरचा पानवाला हातातलं पान तसंच धरून बघायला आला. हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस अख्ख्या चांद्यात दुसरा सापडायचा नाही. ज्याला सांगायचं तो माणूस तेवढा उरला नाही, म्हणून असा एकटाच तुमच्याशी बडबडत बसलो आहे.

तुमची तेरवी होऊन आठवडासुद्धा झाला नाही आणि तुमचा जावई बाजारातून गळाची काठी घेऊन आला. लोकांना जे बोलायचं ते बोलू द्या. दिवाळीनंतर तुमच्या सावली गावच्या मोटार स्टँडवर तुम्ही मला काय म्हणाला होतात? मी स्टेअरिंगवर बसलो होतो, तुम्ही खाली उभे, खांद्यावर ते तपकिरी धाबळीचं पांघरूण. मोटार सुरू झाली तरी तुमचं चालूच होतं. "दिसली कुठी तर मोजजा, जवाईबापू. मोजल्याबिगर बोलू नका." ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. शेवटचं बोलणं काय असावं, तर काठीच्या पट्ट्या मोजा. मग मी मोजणार नाही तर काय करणार?

हे भांडण आपण किती वर्षं चालवलं हो. तुम्ही तरुणपणी बैलगाडी घेऊन एका गोऱ्या जंगल साहेबाच्या कॅम्पावर गेला होता, पार भामरागडाकडे, जिथं नद्या एकत्र येतात तिथं. तो साहेब दिवसभर पाण्यात गळ टाकून बसायचा आणि तुम्ही त्याच्या शेजारी आमिषाचा डबा धरून बसायचे. एकदा त्याला पाईप पेटवायचा होता, म्हणून त्यानं काठी तुमच्या हातात दिली. नेमका तेव्हाच मासा लागला. काठी वाकली, वाकली, वाकता वाकता तिचं टोक पाण्याला टेकलं. तुम्हाला वाटलं, गेली! साहेबाची काठी आपल्या हातून मोडली! आणि तुम्ही भिऊन ती चक्क सोडून दिली. मासा काठी घेऊन निघाला, साहेब बुटांसकट पाण्यात, त्याच्यामागं तुम्ही. काठी मिळाली, मासा गेला. साहेब तुमच्यावर रागावला नाही, उलट हसत सुटला, आणि तेच तुम्हाला जन्मभर लागून राहिलं.

ही गोष्ट तुम्ही सांगायला लागलात की माझं डोकं एकाच ठिकाणी फिरायचं. तुम्ही म्हणायचे, ती काठी एका बांबूची नव्हतीच, सहा पट्ट्या चिरून एकमेकींना चिकटवलेल्या होत्या, मधमाश्यांच्या पोळ्यातलं एक घर असतं तसं सहाकोनी तिचं कापलेलं तोंड होतं. मी म्हणायचो, मामाजी, अख्खा बांबू देवानं गोल करून दिला आहे, तो चिरायचा आणि परत चिकटवायचा, असला रिकामटेकडा उद्योग कोण करील? आपल्या जिल्ह्यात बांबूला काय तोटा आहे? तुम्ही शांतपणे तंबाखू मळायचे. "मी दिवसभर तिच्या बाजूले बसून होतो जी. तुमी होते काय?" मी नव्हतो. पण कबूल करणार थोडाच?

आता ऐका कशी सापडली ते. परवा मूल गावची खेप करून आलो, गाडी डेपोत लावली आणि हार्मोनियमच्या दुकानावरून निघालो. करीमभाई म्हणजे पेट्या, सतारी, दिलरुबे दुरुस्त करणारे. त्यांच्याकडं माझं कधी काही काम नसतं, मी फक्त हॉर्न वाजवतो. पण दाराशी एक लांबलचक, मधाच्या रंगाची चकचकीत काठी टेकून ठेवलेली. पितळेच्या टोपणांनी तीन तुकडे जोडलेली, जागोजागी दोऱ्याचे वेढे, बारीक तारेच्या कड्या. मी तिथंच थांबलो. मागून एक सायकलवाला माझ्यावर येऊन आदळला, मी त्यालाच दोन शब्द सुनावले.

"करीमभाई, हे काय आहे?"

"मत पूछो," ते म्हणाले. "जुन्या बंगल्याचं सामान निघालं, त्याच्यात एका तंबोऱ्यासोबत हे आलं. मले वाटलं हाही काई तरी वाजवायचाच दांडा हाये. कड्या पाहून मी तार लावली. सुराले येतच नाई! दोन दिवस डोकं घातलं. मंग एका बंगाली बाबूनं सांगितलं, भाई, ये मछली का है."

मी इतका हसलो मामाजी. तुम्ही असता तर तुम्हाला ठसका लागला असता. करीमभाई माशाच्या काठीला दोन दिवस सुरात आणत बसले होते! पण कळल्यावर त्यांनी जे काम केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. जुने दोरे कुजले होते, ते सगळे काढून कोशाच्या रेशमी धाग्यानं नवे वेढे दिले. आपल्या जंगलातल्या कोशाचा धागा, तोच, पिवळसर. वरून सतारीला देतात तशी लाखेची झिलई. आणि शेवटचं टोक...

हां, इथं जरा थांबा. जिंकलात म्हणून फुगू नका. तुम्ही नेहमी म्हणायचे ना, "वाकते पन मोडत नाई"? तर टोक मोडलेलं होतं! मोडते मामाजी, ती काठी मोडते. करीमभाईंनी स्वतः दाखवलं, मोडका तुकडा त्यांनी अजून डब्यात जपून ठेवला आहे. ते टोक त्यांनी आपल्या इथल्या बांबूच्या कामट्या तासून नवं केलं. म्हणजे बुडाकडं तुमचा साहेब आणि टोकाकडं आपलं जंगल. तेव्हा अर्धं भांडण तुम्ही जिंकलं, अर्धं मी. बाकीचं तसंच राहू दे.

ही तीच काठी आहे का, असं तुम्ही विचाराल. ठाऊक नाही. करीमभाईंनाही ठाऊक नाही. बंगले अनेक, साहेब अनेक. मी मात्र तीच समजून चाललो आहे, आणि मला कोणी चूक ठरवायला येऊ नये, माझं डोकं लगेच फिरतं हे सगळ्या मोटार स्टँडला माहीत आहे.

माझं डोकं तुमच्यावरही फिरायचं. आता ते बोलतो, कारण बोलल्याशिवाय ही काठी कशाला घेतली ते सांगता येणार नाही.

लग्न झालं आणि तुम्ही पहिल्यांदा लेकीकडं चांद्याला आलात. माझ्याच मोटारीनं आलात, आणि कंडक्टरला म्हणालात, "तिकीट फाड. जवायाच्या गाडीत फुकट बसत नसतो." मला वाटलं, म्हाताऱ्याची ऐट आहे. घरी आलात तर उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. ओट्यावर बसलात, धोतराच्या पदरातून स्वतःची भाकर काढलीत, लाखोळीच्या डाळीचा गोळा काढलात, पाणी समोरच्या सरकारी विहिरीवर जाऊन प्यालात. तुमची शेवंता दारात उभी, हातात ताट. तुमच्या घराण्याची रीत अशी की लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, जावयाच्या हातून काही घ्यायचं नाही. ठीक आहे, म्हटलं. वर्षभराचा तर प्रश्न.

एकाची अनेक वर्षं होत गेली. तुम्ही येत राहिलात, खांद्यावर चिन्नोर तांदळाची थैली, आणि ओट्यावर बसून आपली भाकर खात राहिलात. मग आपणच तोड काढली. नदीचा काठ कोणाच्या घरचा नाही! इरईवर जायचं, तुम्ही तुमचा साधा बांबू टाकायचा, मी माझा टाकायचा, जे लागेल ते तिथंच तीन दगडांवर रांधायचं. मीठ-तिखट तुमचं, रांधायचा गंज माझा, मासा नदीचा. त्यातही तुम्ही ते भांडं आधी नदीत धुऊन "आता हे नदीचं झालं" असं म्हणायचे. मी हसायचो. किती खाल्लं आपण तिथं! मरळ, झिंगे, एकदा ती वाम, जिला तुम्ही साप समजून दगड घातला. सगळ्या चांद्यात सासरा-जावयाची अशी जोडी नव्हती. सासऱ्यापुढं जावई कसा अवघडून बसतो, आणि आपण? आपण माशाच्या डोक्यावरून भांडायचो.

पण घरी शेवंता असायची. तिला काठावर आणायचं ना तुम्हाला सुचलं, ना मला. तुम्ही गेल्यावर ती ओटा धुवायची. गल्लीतल्या बाया बोलायच्या. "बाप अजून बाहेरच खाते काय वं?" एवढंच विचारायच्या, पण त्यात सगळं आलं. तुम्ही ओट्यावर बसलात की तिचं न झालेलं लेकरू चारचौघांत ओट्यावर येऊन बसायचं.

मागच्या उन्हाळ्यात तिनं एक केलं. तुम्ही यायच्या आधीच बाजारातून मरळ आणवली, जवसाच्या तेलात, हिरवा सांबार चिरून घालून, तुमच्या आईसारखी रांधली. ताट वाढून उंबऱ्याच्या आत ठेवलं, पाट मांडला. तुम्ही बघितलंत. वास घेतलात. मी तुमच्या तोंडाकडं बघत होतो, तुमच्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि डोळ्यांनाही. आणि तुम्ही म्हणालात, "चला जवाईबापू, नदीवर जाऊ." शेवंतानं ताट उचललं आणि शेजारच्या पोरांना देऊन टाकलं.

नदीवर मी तुम्हाला काय काय बोललो! तुम्ही वडीलधारे आहात, सासरे आहात, काही ठेवलं नाही. म्हटलं, तुमची रीत गेली खड्ड्यात. तुमची लेक झुरून राहिली आहे आणि तुम्ही भाकरीचे तुकडे मोडून राहिले! एकदा आत बसून चार घास खाल्ले तर आभाळ कोसळते काय? का तिचंच काही उणं आहे असं तुम्हालाही वाटतं?

तुम्ही गळाच्या तरंगत्या बुचाकडं बघत होता. मग म्हणालात:

"मी आज जेवलो, तर त्याचा मतलब काय होते, सांगा. बापानं आस सोडली. रीत लेकरू होयेपर्यंत हाये ना? मंग मी आत जाऊन बसलो म्हनजे मीच म्हनलो, आता काई होत नाई, चला जेवून घेऊ. सारं गाव म्हनते तसं म्हनू द्या. मी नाई म्हनत. मी उपाशी राहीन, पन तिच्या ताटावर बसून तिची आस नाई खानार."

मामाजी, माझ्या गळाला तेव्हा काहीतरी लागलं होतं, आणि मला ते ओढायचं सुचलं नाही. मी इतकी वर्षं तुम्हाला हट्टी म्हातारा समजत होतो. ओट्यावर बसून तुम्ही दर खेपेला सगळ्या गल्लीला सांगत होतात की माझ्या लेकीला लेकरू होणार आहे, मी थांबलो आहे. आणि आम्ही नेमकं उलट ऐकत होतो. मी म्हटलं, हे शेवंताला सांगा. तर तुम्ही घाबरलात. "नोका सांगू जी. रडत बसन. झालं लेकरू की मीच सांगीन, तिच्या हातचं जेवता जेवता."

वातावरण हलकं करायला मी म्हटलं, ठीक, तोवर तुमच्या साहेबाची ती काठी कुठं मिळाली तर मी घेऊन देतो. तुम्ही कान धरलात. "जवायाच्या हातून? राम राम." मग तंबाखू तोंडात टाकली, जरा विचार केलात आणि डोळे बारीक करून म्हणालात, "हां, पन नातवाची काठी आजा धरू शकते. नातवाले घेऊन द्या. मी धराले बसीन. ह्या वक्ती सोडनार नाई."

म्हणून परवा करीमभाईंनी विचारलं तेव्हा मला अडखळावं लागलं नाही. ते म्हणाले, "ही मी कोणालेही देत नाई हं. लाकडाच्या ठेकेदाराचा मानूस उद्या येनार हाये, त्याले भिंतीवर टांगाची हाये. तुमाले कशाले पाह्यजे?"

"लेकरासाठी," मी म्हणालो.

"अरे वा! केवढा हाये?"

"यायचा आहे."

त्यांना वाटलं, शेवंताला दिवस गेले आहेत. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, मुबारक म्हणाले, आतून चिवडा मागवला. मी त्यांची समजूत खोडली नाही. खोटंही बोललो नाही. यायचा आहे म्हणजे यायचा आहे, तुम्हीच म्हणाला होतात. ठेकेदाराच्या माणसाला आता भिंतीवर दुसरं काहीतरी टांगावं लागेल. काठी खांद्यावर टाकून मी भर बाजारातून असा निघालो की पोलिसानं सायकली थांबवून मला वाट दिली. टोक रस्त्याच्या त्या बाजूला, बूड या बाजूला!

घरी आलो तर शेवंता तांदूळ निवडत होती. काठी बघितली. "हे काय आनलं?" मी सांगायला लागलो आणि थांबताच येईना. साहेब, पट्ट्या, करीमभाईंची तार, आणि त्याच भरात, मामाजी, तुम्ही सांगू नका म्हणालेलं तेही सांगून टाकलं. तुम्ही स्वतः सांगणार होतात, पण आता कोण सांगणार होतं? सगळं सांगितलं, तुमच्याच शब्दांत. मी जेवलो तर बापानं आस सोडली, इथपासून नातवाची काठी आजा धरेल, इथपर्यंत.

ती रडली. तुम्ही म्हणाला होतात तशीच रडली, पण तुम्हाला वाटलं होतं तसं नाही. सूप बाजूला सारलं, आणि "माह्या बाबा, माह्या बाबा" म्हणत इतकी रडली, इतकी रडली. तेरवीला रडली नव्हती. तेरवीला ती दगडासारखी बसली होती, तुम्ही बघितलं नाहीत. मग डोळे पुसले, ती काठी हातात घेतली आणि बोटानं पट्ट्या मोजल्या. सहा.

"ह्याच्यानं मासा धरा," ती म्हणाली. "बाबाले पान वाढाचं हाये."

"उद्याच धरतो. तू चूल पेटव."

"घरी नाई रांधाचा."

मी म्हटलं, अगं आता काय? आता तर बाबा...

"बाबानं आस सोडली नाई. मंग आपन काऊन सोडाची? नदीवर रांधू. मी येतो संगं."

मामाजी, काल ती काठावर आली. आपल्या दगडांपाशी. लुगड्याचा काष्टा आवळून दगडावर बसली आणि मला शिकवायला लागली, गळ तिकडं टाका, तिकडं पाणी काळं आहे. तुमचीच लेक! करीमभाईंनी दोरा गुंडाळायची चरखीही बसवून दिली आहे, ती फिरताना बारीक वाजते. पहिल्यांदा दोरा झाडात अडकला. दुसऱ्यांदा माझ्याच टोपीत. शेवंता हसली, आणि ती हसली तेव्हा मला समजलं की तिचं हसणं मी किती दिवस ऐकलं नव्हतं.

मग बूच बुडालं. असं बुडालं की मला हात सावरता येईना. काठी वाकली. मी ऐकलं होतं तशीच वाकली, करीमभाईंचं नवं टोक पार पाण्याला टेकलं, आणि मी, जो तुम्हाला इतकी वर्षं त्या एका गोष्टीवरून चिडवत होतो, तो मी ओरडलो, "मोडली! मोडली!" आणि माझे हात ढिले पडायला लागले. शेवंता धावत आली, माझ्या हातांच्या वर तिनं दोन्ही हातांनी काठी धरली आणि ओरडली, "सोडू नका! बाबाची आन हाये, सोडू नका!"

नाही सोडली. दोघांनी मिळून ओढली. मरळ, मामाजी! माझ्या हाताएवढी, काळी, चकाकणारी, आणि काठीला एक तडा नाही. इथं तुम्ही परत जिंकलात, जा.

शेवंतानं गंज नदीत धुतला. "आता हा नदीचा झाला," असं म्हणाली, मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं, तुम्हीच कधीतरी सांगितलं असणार. तीन दगडांवर कालवण शिजलं. मी पळसाची पानं तोडून आणली आणि बसलो. ती पत्रावळी मांडायला लागली. एक माझी. एक तिची. एक तुमची, नदीकडं तोंड करून, तिच्यात माशाचं डोकं, ज्याच्यावरून आपण भांडायचो. मग तिनं आणखी एक पान मांडलं, त्यावर भात वाढला, आणि मधल्या पोटाचा बिनकाट्याचा तुकडा शोधून काढून ठेवला.

मी विचारलं, "हे चौथं कोणाचं?"

ती काठीकडं बघून म्हणाली, "ज्याची काठी, त्याचं."